तिरंदाजाच्या नावाचे गाव

अमेरिकेचा नकाशा उघडा आणि त्यात ओहायो नदी शोधा. पिट्सबर्ग शहरात दोन नद्यांचा संगम होतो. तेथे ओहायो नदीचा जन्म होतो. तेथून ती नैर्ऋत्येकडे सुमारे १,५८० किलोमीटर वाहत जाते आणि शेवटी मिसिसिपी या महानदीला मिळते. वाटेत तिच्या एका काठावर इंडियाना राज्य आहे, तर दुसऱ्या काठावर केंटकी राज्य. इंडियानाच्या दक्षिण टोकाला, नदी आणि झाडीने भरलेल्या टेकड्या यांच्या मधल्या सपाट जागेवर एक छोटे गाव वसले आहे. त्याचे नाव टेल सिटी. नावात 'सिटी' म्हणजे शहर असले, तरी तेथील लोकसंख्या साडेसात हजारांच्या आसपासच आहे. म्हणून आपण त्याला गावच म्हणू.

या गावातून फेरफटका मारला, तर रस्त्यांच्या पाट्यांवरील नावे वाचून आपण थबकतो. एका रस्त्याचे नाव मोझार्ट, दुसऱ्याचे गुटेनबर्ग, तिसऱ्याचे हम्बोल्ट, चौथ्याचे पेस्तालोझी. मोझार्ट हा ऑस्ट्रियाचा संगीतकार. गुटेनबर्गने युरोपात सुट्या खिळ्यांनी छपाई करण्याची कला सुरू केली. हम्बोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ आणि प्रवासी. पेस्तालोझी हा स्वित्झर्लंडचा शिक्षक. यांच्यापैकी पेस्तालोझी तर अमेरिकेत कधी गेलाच नव्हता! मग अमेरिकेतील एका लहान गावाने आपल्या रस्त्यांना ही नावे का दिली असतील? हे समजून घ्यायचे, तर आपल्याला हे गाव वसवणाऱ्या माणसांकडे वळले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातून हजारो कुटुंबे अमेरिकेत येत होती. कुणी गरिबीला कंटाळून घर सोडले होते. कुणी १८४८ साली युरोपभर झालेल्या उठावांत भाग घेतला होता आणि ते उठाव फसल्यावर त्यांना देश सोडावा लागला होता. ओहायो नदीवरील सिनसिनाटी या शहरात अशा जर्मन भाषा बोलणाऱ्या लोकांची मोठी वस्ती झाली होती. शहरातून एक कालवा जात असे. त्याच्या पलीकडे हे लोक राहत. जर्मनीत ऱ्हाईन नावाची प्रसिद्ध नदी आहे. तिच्या आठवणीने लोकांनी या वस्तीला 'ऱ्हाईनच्या पलीकडे' असेच नाव देऊन टाकले.

परंतु नव्या देशात सुखच सुख नव्हते. परदेशातून आलेले लोक आपली कामे हिरावून घेतील, आपले चालीरीतींचे जग बदलून टाकतील, अशी भीती तेथील काही जुन्या रहिवाशांना वाटू लागली. अशा लोकांचा एक राजकीय पक्षच निघाला होता. १८५५ साली सिनसिनाटीत निवडणुकीच्या वेळी या जर्मन वस्तीवर हल्ले झाले आणि दंगल उसळली. शहरात घरभाडे जास्त, कारखान्यात मजुरी कमी, आणि वर ही असुरक्षितता. अशा परिस्थितीत स्वतःचे गाव असावे, असे कष्टकरी माणसाला वाटले तर त्यात नवल नाही.

१८५६ सालच्या नोव्हेंबर महिन्यात सिनसिनाटीत काही स्विस आणि जर्मन मंडळी एकत्र जमली. त्यांनी 'स्विस वसाहत संस्था' स्थापन केली. संस्थेची कल्पना साधी होती. कारागीर, लहान दुकानदार, कारखान्यातील कामगार, छोटे शेतकरी यांनी थोडे थोडे पैसे घालून संस्थेचे भाग घ्यायचे. जमलेल्या पैशांतून सर्वांसाठी जमीन विकत घ्यायची आणि ती भागधारकांना वाटून द्यायची. एकट्याच्या पैशात शेत येत नाही की घर येत नाही. पण अनेकांचा पैसा एकत्र आला, तर पूर्ण गाव उभे राहू शकते.

१८५७ साली संस्थेच्या माणसांनी जागेचा शोध घेतला आणि इंडियाना राज्याच्या पेरी काउंटीत चार हजार एकरांहून अधिक जमीन घेतली. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग, पण आकाराने पुष्कळ लहान. जागा निवडताना त्यांनी पक्का विचार केला होता. समोर मोठी नदी असल्यामुळे वाफेच्या बोटींतून माल आणता-नेता येणार होता. त्या काळात तेथे चांगले रस्ते नव्हते, आणि रेल्वेही आली नव्हती. नदी हाच राजमार्ग होता. मागच्या टेकड्यांवर भरपूर लाकूड होते. जवळच दगडी कोळशाच्या खाणी होत्या. शेजारच्या कॅनेल्टन गावात कापसाची मोठी दगडी गिरणी उभी होती.

मग नकाशा काढण्यात आला. रुंद, सरळ रस्ते आखले गेले. नदीला समांतर जाणारे रस्ते आणि नदीकडून टेकडीकडे जाणारे रस्ते एकमेकांना काटकोनात छेदत होते. या आराखड्यात सात हजारांहून अधिक भूखंड होते! त्यांच्या डोळ्यांसमोर एक मोठे औद्योगिक शहर होते, हे या आकड्यावरून सहज कळते. १८५८ सालच्या मार्च महिन्यात पहिली कुटुंबे बोटीने येथे आली. त्यांनी पाहिले तेव्हा कागदावरच्या त्या रुंद रस्त्यांच्या जागी जंगल होते. झाडे तोडायची, बुंधे उपटायचे, त्याच लाकडाची घरे बांधायची, हाच पहिल्या दिवसांचा उद्योग झाला. त्यातच १८५७ सालच्या शेवटी अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली होती. शहरांतील कामे बंद पडली होती, त्यामुळे नव्या गावाकडे येणाऱ्यांची घाई वाढली, आणि खिशात मात्र पैसा नव्हता.

आता रस्त्यांच्या नावांकडे परत येऊ. नाव देताना या लोकांनी दोन देशांची माणसे शेजारी शेजारी बसवली. नव्या देशाचे वॉशिंग्टन, जेफरसन, फ्रँकलिन घेतले. वाफेची बोट यशस्वीपणे चालवून दाखवणारा फुल्टन घेतला. त्याच्या बोटीच नसत्या, तर हे लोक येथवर इतक्या सहज पोचलेच नसते! आणि जुन्या मातीतून त्यांनी मोझार्ट, गुटेनबर्ग, हम्बोल्ट, कवी शिलर आणि पेस्तालोझी यांना आणले. फ्रान्सच्या लाफायेतचे नावही एका रस्त्याला आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तो लढला होता. पुढे म्हातारपणी, १८२५ सालच्या मे महिन्यात, तो या भागातून बोटीने जात असताना रात्री त्याची बोट कॅनेल्टनजवळ बुडाली. तो सुखरूप काठावर पोचला. गाव वसण्याच्या तेहतीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

या सर्वांत मला पेस्तालोझीचे नाव विशेष वाटते. बी. एड. करणाऱ्या प्रत्येकाला हे नाव अभ्यासावे लागते, आणि बहुतेक जण परीक्षा झाल्यावर ते विसरतात. योहान हाइनरिख पेस्तालोझी १७४६ साली झुरिक शहरात जन्मला. १७९८ साली फ्रेंच सैन्याने स्वित्झर्लंडच्या स्टान्स भागात मोठा संहार केला. अनेक मुले अनाथ झाली. त्या मुलांसाठी स्टान्सला एक अनाथालय उघडण्यात आले आणि ते पेस्तालोझीकडे सोपवण्यात आले. जवळ पुरेशी साधने नव्हती, मदतीला माणसे नव्हती. तो मुलांबरोबर जेवत असे, त्यांच्याजवळच झोपत असे. मुलांनी पाठांतर करण्यापेक्षा वस्तू पाहून, हाताळून, मोजून शिकावे, असे त्याचे म्हणणे होते. शिक्षणाने डोके, हृदय आणि हात या तिन्हींचा विकास झाला पाहिजे, असे तो सांगे. पुढे इव्हेर्दों येथील त्याची शाळा पाहायला युरोपातील अनेक देशांतून शिक्षक येऊ लागले. १८२७ साली तो वारला. त्यानंतर तीसच वर्षांनी, समुद्रापार, कारागिरांनी आणि दुकानदारांनी आपल्या गावातील एका रस्त्याला एका शिक्षकाचे नाव दिले. राजवाडे आणि सेनापती यांची नावे रस्त्यांना मिळतात, हे आपण नेहमी पाहतो. शिक्षकाचे नाव क्वचितच दिसते.

गावाचे नाव ठरवताना 'हेल्व्हेशिया' हे नावही पुढे आले होते. हेल्व्हेशिया हे स्वित्झर्लंडचे लॅटिन नाव. तुम्ही पोस्टाची तिकिटे जमवत असाल, तर स्विस तिकिटांवर हे नाव तुम्हांला दिसेल. याचे कारण मजेदार आहे. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार राष्ट्रीय भाषा आहेत. चारही भाषांत देशाचे नाव लिहायला छोट्याशा तिकिटावर जागा कुठून आणायची? म्हणून सर्वांना चालेल असे लॅटिन नाव छापतात. पण गावाला हे नाव मिळाले नाही. मिळाले ते टेलचे.

हा टेल कोण? विल्यम टेलची कथा थोडक्यात अशी आहे. साधारण सातशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडच्या ऊरी भागावर ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याचा अंमल होता. गेस्लर नावाचा एक जुलमी अधिकारी तेथे होता. त्याने आल्टडॉर्फ गावातील चौकात एक खांब उभा केला आणि त्यावर आपली टोपी ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याने त्या टोपीसमोर वाकले पाहिजे, असा त्याचा हुकूम होता. टेल हा डोंगरात राहणारा शिकारी. तो आपल्या लहान मुलाचा हात धरून तेथून गेला, पण टोपीसमोर वाकला नाही. शिपायांनी त्याला पकडले. टेल पट्टीचा तिरंदाज आहे, हे गेस्लरला ठाऊक होते. त्याने मुलाच्या डोक्यावर एक सफरचंद ठेवले आणि बापाला बाण मारायला सांगितले. मुलगा जराही हलला नाही. बाण सुटला आणि सफरचंदाचे दोन तुकडे झाले.

गेस्लरची नजर मात्र टेलजवळच्या दुसऱ्या बाणाकडे गेली. "हा दुसरा बाण कशासाठी?" त्याने विचारले. टेल म्हणाला, "पहिला बाण चुकून माझ्या मुलाला लागला असता, तर दुसरा तुझ्यासाठी होता." गेस्लरने त्याला बेड्या घालून बोटीत बसवले. सरोवरात वादळ उठले. बोट सांभाळण्यासाठी टेलला मोकळे करावे लागले. काठाजवळच्या एका खडकावर त्याने उडी मारली, बोट लाटांकडे लोटून दिली आणि तो निसटला. पुढे त्याच दुसऱ्या बाणाने त्याने गेस्लरला ठार केले.

उर्दूतील 'तीरंदाज' आणि मराठीतील 'तिरंदाज' हा एकच शब्द आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. टेलचे धनुष्य मात्र आपल्या चित्रांतील धनुष्यासारखे नव्हते. लाकडाच्या एका दांड्यावर धनुष्य आडवे बसवलेले असे. दोरी ताणून खाचेत अडकवायची, पुढे बाण ठेवायचा, आणि खालची कळ दाबली की बाण सुटे. बंदुकीसारखा नेम धरता येत असे.

ही कथा खरी आहे काय? इतिहासाच्या अभ्यासकांना टेल नावाचा माणूस त्या काळी होता, याचा पुरावा सापडलेला नाही. स्विस प्रांतांनी एकमेकांना मदत करण्याचा करार १२९१ साली केला. तो करार आजही जपून ठेवलेला आहे. पण टेलची कथा लिहिलेली सापडते ती त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. इतकेच नव्हे, तर मुलाच्या डोक्यावरील सफरचंदाला बाण मारण्याची अशीच एक गोष्ट डेन्मार्कच्या जुन्या बखरीत टोको नावाच्या तिरंदाजाबद्दल आहे, आणि ती टेलच्या कथेपेक्षा जुनी आहे. तरीही टेल लोकांच्या मनातून गेला नाही. १८०४ साली शिलरने त्याच्यावर नाटक लिहिले. १८२९ साली इटालियन संगीतकार रोसिनी याने त्यावर संगीत नाटक रचले. १८९५ साली आल्टडॉर्फच्या चौकात त्याचा पुतळा उभा राहिला. ओहायोकाठच्या कामगारांना आपल्या गावासाठी असे नाव हवे होते, ज्याने कुणाच्या टोपीसमोर मान वाकवली नव्हती. दंगलीच्या आठवणी घेऊन आलेल्या माणसांनी हेच नाव का निवडले, हे मला समजू शकते.

गावाने लाकडावर आपले पोट भरले. मागच्या टेकड्यांवरील झाडांपासून टेबले, कपाटे आणि खुर्च्या होऊ लागल्या. बोटींतून हा माल नदीकाठच्या शहरांना जाई. १८६५ साली येथील खुर्च्या बनवणारे कारागीर एकत्र आले. त्यांचा कारखाना पुढे टेल सिटी चेअर कंपनी म्हणून नावारूपाला आला आणि १९९६ सालापर्यंत चालला. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एकाच गावात खुर्च्या बनत होत्या. पहिल्या वर्षी आलेल्या लोकांत ग्लोअर आडनावाचा एक स्विस बेकरही होता. पिठाच्या दोरीला हाताने पीळ देऊन, गाठीसारखा आकार करून, वर जाडे मीठ लावून भाजलेला कडक पदार्थ तो बनवी. त्याला प्रेट्झेल म्हणतात. त्याच्या पद्धतीचे प्रेट्झेल ही या गावाची ओळख झाली.

मोठे शहर होण्याचे स्वप्न मात्र पुरे झाले नाही. रेल्वे आली, बोटींचे महत्त्व कमी झाले, आणि मोठे कारखाने दुसरीकडे वाढले. आराखड्यात जितके भूखंड होते, जवळजवळ तितकीच माणसे आज गावात राहतात. १८९६ साली गावाने एक भव्य इमारत बांधली. काउंटीचे मुख्य ठिकाण आपल्याकडे यावे, तेथे न्यायालय आणि कचेऱ्या भराव्यात, अशी आशा त्यामागे होती. पण तो मान कॅनेल्टनकडेच राहिला आणि ही इमारत नगरसभागृह म्हणून वापरली जाऊ लागली. काउंटीचे मुख्य ठिकाण टेल सिटीत आले ते थेट १९९४ साली. तब्बल अठ्ठ्याण्णव वर्षांनी!

ज्या नदीने गाव वसवले, तिनेच ते बुडवलेही. १९३७ सालच्या जानेवारीत ओहायो नदीला भयंकर पूर आला. पिट्सबर्गपासून मिसिसिपीच्या संगमापर्यंत काठावरची शहरे आणि गावे पाण्याखाली गेली. कडाक्याच्या थंडीत लाखो लोक बेघर झाले. टेल सिटीच्या रस्त्यांतही पाणी शिरले. त्यानंतर गाव आणि नदी यांच्यामध्ये पूररोधक भिंत बांधण्यात आली. अशा भिंतीत रस्त्यासाठी मोकळ्या जागा ठेवलेल्या असतात. पूर येणार असे कळले की त्या जागा बंद करून टाकतात. गाव वाचते, पण एरवी रस्त्यावरून सहज दिसणारी नदी भिंतीआड जाते. नदीसाठी वसलेल्या गावाने नदीला भिंतीआड करावे, ही मोठी चमत्कारिक गोष्ट वाटते. पण ज्यांच्या घरात पाणी शिरले होते, त्यांना ती चमत्कारिक वाटली नसेल.

आता एका वेगळ्या पुराविषयी सांगतो. त्याने घरे पडली नाहीत, पण भाषा वाहून गेली. गाव वसले तेव्हा घरात, दुकानात, चर्चमध्ये सगळीकडे जर्मन भाषा चालत असे. गावातून जर्मन वर्तमानपत्रे निघत. मुले शाळेत इंग्रजी शिकत आणि घरी आजीशी जर्मन बोलत. दोन्ही भाषा सुखाने नांदत होत्या. १९१७ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध उतरली आणि हवा एकदम बदलली. जर्मन बोलणारा प्रत्येक माणूस शत्रूचा हस्तक असावा, असा संशय घेतला जाऊ लागला. देशभर अनेक जर्मन वर्तमानपत्रे बंद पडली. १९१९ साली इंडियाना राज्याने शाळांतून जर्मन शिकवण्यावर कायद्याने बंदी घातली. स्विस लोकांचा जर्मनीच्या सम्राटाशी काय संबंध? स्वित्झर्लंड तर त्या युद्धात तटस्थ होते. परंतु भाषा एकच असल्यामुळे दोघांना एकाच मापाने मोजले गेले. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नेब्रास्का राज्यातील अशाच एका कायद्याचा खटला चालवला आणि तो कायदा घटनेविरुद्ध ठरवला. न्याय मिळाला, पण मधल्या काळात एक पिढी घरातही इंग्रजी बोलायला लागली होती. भाषा घरातून गेली की न्यायालय ती परत आणून देऊ शकत नाही. घरची भाषा, शाळेची भाषा आणि राज्याची भाषा यांचा रोज मेळ घालणाऱ्या तुमच्यासारख्या मुलांना हे फार समजावून सांगायला नको.

अमेरिकेत स्विस लोकांनी वसवलेली आणखीही गावे आहेत. विस्कॉन्सिन राज्यातील न्यू ग्लारस हे गाव १८४५ साली ग्लारस प्रांतातून आलेल्या लोकांनी वसवले. तेथील लोक दूधदुभत्यावर आणि चीजवर जगले. तेथे १९३८ सालापासून शिलरचे टेलवरचे नाटक उघड्या मैदानावर होऊ लागले. त्यात खऱ्या शेळ्या आणि गाई आणतात. पुष्कळ वर्षे ते मूळ जर्मन भाषेतच होत असे. न्यू ग्लारसने टेलला असा बोलता ठेवला. टेल सिटीत नाटकाची अशी परंपरा रुजली नाही. तेथे तो दगडधातूत आणि खेळात दिसतो.

१९५८ साली गावाला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या शताब्दीच्या समारंभातून एका वार्षिक उत्सवाचा जन्म झाला. त्याचे नाव 'श्वायत्सर फेस्ट'. जर्मन भाषेत श्वायत्सर म्हणजे स्विस आणि फेस्ट म्हणजे उत्सव. जर्मन न बोलणाऱ्या गावाने उत्सवाला नाव मात्र जर्मन दिले! दर वर्षी ऑगस्ट महिन्यात, त्याच १८९६ सालच्या इमारतीसमोरच्या बागेत हा उत्सव भरतो. ऑगस्ट हा महिना स्विस लोकांच्या दृष्टीने महत्त्वाचाच आहे; १२९१ सालच्या कराराच्या स्मरणार्थ १ ऑगस्ट हा स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन असतो. टेल सिटीच्या उत्सवात खाद्यपदार्थांचे ठेले लागतात. ते चालवतात गावातील मंडळे आणि संस्था. संगीत असते, पाळणे असतात, मुलांसाठी खेळ असतात. खरे सांगायचे तर, यातला पुष्कळसा भाग अमेरिकेतील कोणत्याही गावच्या जत्रेत दिसेल असाच आहे. पण कामासाठी दूर शहरांत गेलेली माणसे या दिवसांत सुट्टी काढून गावी येतात, जुन्या वर्गमित्रांना भेटतात, आजी-आजोबांची घरे मुलांना दाखवतात. एवढ्यासाठी तरी उत्सवाचे मोल कमी मानू नये.

१९७४ साली या बागेत, कारंज्यापाशी, विल्यम टेल आणि त्याचा मुलगा यांचा पुतळा बसवण्यात आला. गावातील हायस्कूलच्या खेळाडूंच्या संघालाही त्याच कथेतून नाव मिळाले आहे. त्यांना 'मार्क्समेन' म्हणजे 'नेमबाज' म्हणतात. बास्केटबॉलच्या सामन्यात चेंडू जाळीत पडला की प्रेक्षक नेमबाजांच्या नावाने ओरडतात. त्यांतल्या बहुतेकांच्या आडनावांत स्विस किंवा जर्मन अंश असो वा नसो, शाळा सुटल्यावर ती मुले मोझार्ट, शिलर किंवा पेस्तालोझी यांच्या नावांच्या रस्त्यांनीच घरी जातात.